नव्वद मिनिटं, अधिक थोडी

ग्रिम्सबीत सकाळी सातला
गोदीवरच्या वाऱ्याला बर्फाचा आणि हॅडॉकचा वास.
मी दिवे लावते, किटली लावते,
तिसऱ्या मजल्यावर एकेक यंत्र जागं होतं
आणि खुर्चीत कुणी बसायच्या आधीच
वर विचारून घेतं: आज काय आज्ञा?

यंत्राचे नियम यंत्र उठताना,
माणसाचे, माणूस पासवर्ड टाकतो तेव्हा.
दोन वेगळ्या वह्या.
नव्या पोराला, कॅलमला, मी हे समजावते.
तो मान डोलावतो, बिस्किट चहात बुडवतो,
अर्धं तळाशी जातं.

आधी यंत्राचं स्वतःचं मत,
मग जागेचं, मग डोमेनचं, मग खात्याचं,
मग खात्यातल्या उपखात्याचं.
वाद झाला तर शेवटी बोलला त्याचं खरं.
"म्हणजे आमच्या घरासारखंच."
तुमच्याकडे शेवटी कोण बोलतं?
"नॅन. बोलत नाही, टीव्ही बंद करते."
मग ती शेवटची नव्हे रे,
ती काळ्या दगडावरची रेघ.
वरून मारलेली, खाली कुणाला खोडता न येणारी.
तसंही एक बटण असतं इथे.

लिन ब्लँचर्ड, हिशेब खातं, एकोणतीस वर्षं.
तिच्या पडद्यावर वडिलांची बोट होती,
गंजलेली, नाव अर्धं पुसलेलं.
कंपनीचं फर्मान निघालं: सर्वांना निळा लोगो.
मी नियम मऊच लिहिला.
बदलायला मनाई नाही,
बदललेलं टिकणार नाही, एवढंच.
ती आली की बोट लावायची.
नव्वद मिनिटं, त्यावर तीसपर्यंत कितीही,
म्हणजे सगळ्या यंत्रांनी एकदम दार ठोठावू नये,
आणि बोट बुडायची.

हा शब्द मी तिच्यासमोर कधी काढला नाही.
आइसलंडच्या बाजूला गेलेल्या त्या बोटीबद्दल
मला कँटीनमधल्या बाईने सांगितलं,
दुधाचा डबा पुढे सरकवता सरकवता.

लिनने तक्रार नोंदवली नाही.
दिवसातून चार वेळा, पाच वेळा,
मुकाट्याने परत लावायची,
मासळीची बिलं करता करता.

एका शुक्रवारी सगळे गेल्यावर
मी एक गट उघडला. आत एकच नाव.
नियमाच्या यादीत त्या गटापुढे
'नकार' या रकान्यात खूण केली.
कारण: चाचणी.
तपासणीला आलेल्या पेटिफर साहेबांनी विचारलं,
किती दिवस चालणार ही चाचणी?
म्हटलं, निष्कर्ष यायचेत.

काही नियम काढून घेतले तरी जात नाहीत.
यंत्रात खोल कुठेतरी मूल्य तसंच राहतं,
ज्याने लिहिलं तो नसला तरी.
इथे त्याला टॅटू म्हणतात.
मी मनात गोंदण म्हणते.

काल सर्व्हर रूममध्ये
प्रिंटआउटवर माझा पाय पडला.
वाकले, उचलला, कपाळाला लावला.
शुद्ध यंत्रवत्. कॅलम बघत होता.
"हे कुठून लागू झालं?"

काय सांगू?
अहवाल काढला तर जिंकलेल्या नियमापुढे
मिरजेच्या छापखान्यात खिळे जुळवणारे बाबा येतील.
त्या खात्यावर आता कुणी लॉगिन करत नाही.
म्हटलं, जुना डोमेन आहे.

आज त्याच्या बुटाखाली
बर्फाच्या ट्रकची पावती आली.
थबकला. इकडेतिकडे पाहिलं.
उचलली,
जीन्सवर पुसली
आणि टेबलावर ठेवली, छापील बाजू वर.